दुर्बिणीची कानटोपी

महाराष्ट्रात ज्याच्या घरी दुर्बीण आहे, त्याचं वर्ष शेतकऱ्याच्या वर्षाच्या बरोबर उलटं चालतं. जून उजाडला की सगळा मुलूख आभाळाकडे डोळे लावून बसतो, आणि हा आभाळाकडे पाठ करून दुर्बीण माळ्यावर चढवतो. सप्टेंबरपर्यंत त्याला तारे दिसायचे ते पंचांगात. ऑक्टोबरात आकाश धुऊन निघतं खरं, पण ढगांचे शेवटचे पाहुणे हलायचं नाव घेत नाहीत. मार्चनंतर धूळ वर चढते, मे महिन्यात वळवाचे ढग येतात. म्हणजे खरा हंगाम दिवाळी ते होळी. त्यातल्या निम्म्या रात्री चंद्र खातो. उरलेल्या अमावास्यांपैकी ज्या शनिवारच्या आसपास येतील त्या आपल्या, आणि त्यांतूनही लग्नसराई वजा करायची. एवढं सगळं जमवून, गाडीत दुर्बीण, तिचं तिकाटणं, सतरंज्या, डबे आणि माणसं कोंबून, शहराच्या उजेडापासून लांब वांगणी, मुरबाड, वेल्हे, भोर अशा एखाद्या गावाबाहेर, भातकापणी झालेल्या खाचरात आपण उभे राहतो. ढगाचा ठिपका नाही. वारा पडलेला. कृत्तिकांचे तारे एकेक करून मोजून घ्यावेत असं काळंभोर आकाश. आणि साडेअकराच्या सुमाराला दव येतं.

आल्याचं लगेच कळत नाही. पहिला संशय आकाशावर जातो. कुणीतरी म्हणतं, "देवयानीतली दीर्घिका मघाशी चांगली दिसत होती, आता पुसट वाटतेय. पातळ ढग आलेत का?" सगळे माना वर करतात. नुसत्या डोळ्यांना आकाश लख्ख. मग संशय डोळ्यांवर जातो. गटात पन्नाशीपुढचं कुणी असेल तर त्यांच्याकडे सहानुभूतीने पाहिलं जातं. "काका, चष्म्याचा नंबर एकदा बघून घ्या." मग आयपीस, म्हणजे डोळ्याशी यायचं भिंग, बदलून होतं. फोकस पुढे-मागे करून होतो, आणि तारे बारीक व्हायच्या ऐवजी प्रत्येकाभोवती एक गुबगुबीत वलय दिसायला लागतं. सगळे आरोपी निर्दोष सुटल्यावर कुणीतरी लाल कागद लावलेली टॉर्च घेऊन दुर्बिणीच्या तोंडाशी जातं, आणि तिथून "अरे देवा" ऐकू येतं. पुढची काच दुधी झालेली असते.

यानंतर एक वाक्य ठरलेलं आहे. "पंचवीस लाख वर्षं प्रवास करून आलेला प्रकाश, आणि शेवटच्या मिलिमीटरला अडला!" हे प्रत्येक गटात एक जण म्हणतोच. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे पुढे दवापेक्षा त्या माणसाचाच राग यायला लागतो.

अशा वेळी हात आपोआप रुमालाकडे जातो, काही धाडसी लोकांचा शर्टाच्या टोकाकडे. तो धरून ठेवणारा माणूस गटात असावा लागतो. भिंगावर परावर्तन टाळणारा जो लेप असतो तो फार पातळ असतो, आणि काचेवर पाण्याबरोबर संध्याकाळभराची धूळही बसलेली असते. रुमाल फिरवला की ती धूळ काचेवर घासली जाते. दव सकाळी जातं, ओरखडे राहतात. शिवाय पुसून उपयोगही नसतो, कारण काच थंडच असते. पाच मिनिटांत ती पुन्हा दुधी.

मला या दवाचा खरा राग येतो तो त्याच्या निवडक स्वभावामुळे. आकाशात ढग असले तर दव नाही. वारा सुटला तर दव नाही. दुर्बीण आंब्याच्या झाडाखाली किंवा शाळेच्या पडवीत ठेवली तर दव नाही. म्हणजे ज्या रात्री किंवा ज्या जागी दुर्बिणीचा काही उपयोग नसतो, तिथे ती ठणठणीत कोरडी राहते. रात्र जितकी नामी, तितकी काच ओली. हा योगायोग वाटतो, पण नाही. दव आणि उत्तम आकाश या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत, आणि ते कारण कळलं की राग थोडा उतरतो. थोडाच.

दव वरून पडत नाही. ते आपल्या भोवतीच्याच हवेत वाफ होऊन असतं आणि पुरेशी थंड जागा दिसली की तिच्यावर पाणी होऊन बसतं. पुरेशी थंड म्हणजे किती, ते हवेतल्या ओलाव्यावर ठरतं. हवेचं तापमान २० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण साडेसोळा अंशांखाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरणार. आता काच हवेपेक्षा साडेतीन अंशांनी थंड कशी होईल, असा प्रश्न कुणालाही पडावा. हवेत ठेवलेली वस्तू फार तर हवेइतकी थंड होईल, असं आपण समजत असतो. पण उघड्यावरची प्रत्येक वस्तू रात्रभर आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने वर फेकत असते. वर ढग असले तर ते त्यातली बरीच परत पाठवतात. झाड, छप्पर, मांडव, सगळे आपापला वाटा परत करतात. स्वच्छ आकाश मात्र घेतं भरपूर आणि परत करतं जुजबी. वारा असला तर तो निदान उबदार हवा आणून काचेची तूट भरून काढतो. निरभ्र, निवांत रात्री काच एकटीच वर तोंड करून असते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होत जाते. जितकं आकाश तिला दिसतं, तितकं आकाश तिला गारठवतं. दुर्बिणीचं तर कामच आकाश पाहणं.

हे कोडं ज्याने नीट सोडवलं तो खगोलशास्त्रज्ञ नव्हता, डॉक्टर होता. विल्यम चार्ल्स वेल्स, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलातला. दिवसभर रुग्ण तपासायचे आणि रात्री लंडनबाहेर सरे परगण्यातल्या एका मित्राच्या बागेत जाऊन लोकर मांडायची, असा त्याचा उद्योग होता. दहा-दहा ग्रेन वजनाच्या, म्हणजे पाऊण ग्रॅमसुद्धा न भरणाऱ्या लोकरीच्या पुंजक्यांवर रात्रभरात किती दव जमलं ते तो तागडीत तोलून बघे. चार काटक्यांवर एक फळी आडवी ठेवली, एक पुंजका फळीच्या वर आणि एक खालच्या अंगाला लावला. एका रात्रीत वरचा १४ ग्रेननी जड झाला, खालचा ४ ग्रेननी. दोघांना हवा एकच, रात्र एकच. फरक फक्त एकाला आकाश दिसत होतं आणि दुसऱ्याला फळी. १८१४ साली त्याने दवावरचा निबंध छापला आणि रॉयल सोसायटीने त्याला रमफर्ड पदक दिलं. तोवर त्याची तब्येत पार ढासळली होती, आणि तीन वर्षांत तो गेला.

पण वेल्सचा मला आवडलेला भाग वेगळाच आहे. कोवळ्या रोपांवर माळी लोक पातळशी चटई टाकतात, तिने कसली थंडी अडणार, असं म्हणून आपण पूर्वी हसायचो, असं त्याने निबंधात मोकळेपणाने सांगितलंय. हवा तर चटईच्या खालीही तीच. मग त्याने गवतापासून वीतभर उंचीवर चार काटक्यांना एक अगदी झिरझिरीत रुमाल ताणून बांधला आणि खालच्या गवताचं तापमान मोजलं. उघड्या गवतापेक्षा ते कित्येक अंशांनी उबदार निघालं. माळी बरोबर होते. त्यांना कारण माहीत नव्हतं, इतकंच.

आपल्याकडे हे माळ्याचं काम आजी करत आली आहे. "दव पडतंय, डोक्याला काहीतरी बांध," हे वाक्य ऐकत मोठी झालेली पिढी अजून शिल्लक आहे. शाळेत विज्ञान शिकलेला नातू तिला सांगायचा, "आजी, दव पडत नसतं, ते तिथल्या तिथे तयार होतं." आजी "बरं" म्हणायची आणि कानटोपी घालायचीच. वेल्सची फळी, माळ्याची चटई, आजीची कानटोपी, सगळ्यांचं काम एकच: थोडं आकाश झाकणं. दुर्बिणीसाठी याच कानटोपीला ड्यू शील्ड म्हणतात आणि म्हटल्याबरोबर तिची किंमत वाढते.

ही टोपी म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर पुढे ओढलेली एक नळी. लांबी भिंगाच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट. आठ इंची दुर्बीण असेल तर फूट-सव्वा फूट. याहून लांब केली तर कडेचा प्रकाश कापला जातो. काचेला मग समोरचा नेमका तुकडा दिसतो, भोवतालचं बाकीचं आकाश दिसत नाही, आणि तिचं गारठणं मंदावतं. बाजारात तयार मिळते, पण हौशी खगोल अभ्यासक ही वस्तू विकत घेत नाही. तो घरातल्या योगा मॅटकडे बघतो. फोमची ती चटई कापून, गुंडाळून, वेल्क्रोची पट्टी लावली आणि आतून काळा कागद चिकटवला की काम होतं. घरातल्या योगसाधनेत त्यामुळे जो खंड पडतो त्याची भरपाई मात्र दरवर्षी नवीन कबुलीने करावी लागते.

सगळ्या दुर्बिणींचं नशीब सारखं नसतं. न्यूटनच्या पद्धतीची दुर्बीण असेल तर तिचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी खोल बसलेला असतो. नळी हीच त्याची टोपी. त्याला दव सहसा शिवत नाही, वरच्या टोकाचा छोटा तिरपा आरसा मात्र भिजतो. हीच दुर्बीण उघड्या सांगाड्याची असेल तर तिला काळ्या कापडाची झूल घालावी लागते. लांब भिंगाच्या दुर्बिणीला कंपनीच टोपी लावून देते, पण ती बहुधा अपुरी असते. सर्वांत दुर्दैवी श्मिट-कॅसेग्रेन. आखूड, सुटसुटीत, गाडीच्या सीटवर मावणारी, म्हणून लोक हौसेने घेतात. तिच्या अगदी तोंडावर एक पातळ काच असते, परातीएवढी, संपूर्ण उघडी. दव मोजायचं यंत्र बनवायचं ठरवलं असतं तर याहून सरस बनलं नसतं.

कोकणपट्टीतल्या खाचरात नुसती टोपी फार तर मध्यरात्र टाळते, पहाट टाळत नाही. मग येतो हीटर. भिंगाच्या कडेभोवती बांधायचा पट्टा, आत तापणारी तार किंवा रेझिस्टरांची रांग. हाताने बनवायचा तर मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं. १२ व्होल्टला ३३० ओहमचा एक रेझिस्टर जेमतेम ०.४४ वॅट उष्णता देतो, असे वीस समांतर जोडले की पावणेनऊ वॅट होतात. पाव वॅटचे घेतले तर ते जळतात, अर्ध्या वॅटचे घ्यायचे. दुकानदार विचारतो, "कशासाठी पाहिजेत?" "दुर्बीण गरम ठेवायला," असं खरं उत्तर देऊन बघावं. तो आणखी काही विचारत नाही.

सगळी कला पुढे आहे. काच गरम करायची नसते. ती दवाच्या तापमानापेक्षा अंश-दोन अंश वर ठेवायची असते, बस. जास्त तापवली तर तिच्यावरून उबदार हवेचे झोत उठतात आणि गुरूचे पट्टे लाटांवर हलायला लागतात, शनीची कडी थरथरते. दव घालवण्याच्या नादात दृश्यच घालवणारे उत्साही लोक प्रत्येक गटात असतात. ते थंडीत माणसांनाही असंच आग्रहाने कढत चहा पाजतात. म्हणून पट्ट्याला एक नियंत्रक लावतात, जो वीज सेकंदासेकंदाला चालू-बंद करत उष्णता हवी तेवढीच सोडतो. आपल्या डोळ्याला हे सगळं जन्मतःच मिळालेलं आहे. तो आतून उबदार असतो, म्हणून रात्रभर आकाशाकडे उघडा राहूनही त्याच्यावर दव धरत नाही. डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का मोजायला लोक सतरंजीवर उताणे झोपतात, तेव्हा सतरंजी भिजते, गोधडी भिजते, वही भिजते, आणि डोळे चोख काम करत राहतात.

हीटरला बॅटरी लागते. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी पावणेनऊ वॅटच्या पट्ट्याला कागदावर नऊ-साडेनऊ तास पुरते. कागद थंडीत ठेवलेला नसतो. प्रत्यक्षात तीनच्या सुमाराला ती मान टाकते आणि बरोबर तेव्हाच सिंह राशीतल्या दीर्घिका माथ्यावर येतात. जिथे विजेची सोय आहे तिथे हेअर ड्रायर हा सर्वांत जुना आणि सर्वांत लोकप्रिय उपाय. लांबून, मंद वाऱ्यावर, काचेवर फिरवायचा. अर्धा तास आराम. तेवढ्यात शेजारच्या दुर्बिणीतून आवाज येतो, "तुमचं झालं की इकडे द्या हो." एका एक्स्टेंशन बोर्डाभोवती जमलेली, कानटोप्या घातलेली, आळीपाळीने ड्रायर फिरवणारी ही मंडळी पाहून गावातला कुत्रासुद्धा भुंकायचं थांबतो. तो कोपऱ्यात बसून बघत राहतो.

आयपीसचं दव निराळंच. ते बहुतेक वेळा आपल्या श्वासाचं असतं. लहान मुलं दुर्बिणीला डोळा लावतात आणि "वाऽऽ" म्हणतात. त्या "वा"ची वाफ थेट थंड काचेवर जाते आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला गुरूच्या ऐवजी धुकं दिसतं. श्वास रोखून शनी बघा, असं मुलांना सांगण्यात काही अर्थ नसतो. वापरात नसलेले आयपीस पँटच्या खिशात ठेवावेत, अंगाच्या उबेला. ज्या खिशात चिक्की आहे त्यात मात्र नाही.

या सगळ्या लढाईत आपण एकटे असतो, हे शेताचा मालक रात्री फेरी मारायला आला की कळतं. भात निघालेल्या खाचरात त्याने उरलेल्या ओलीवर वाल नाही तर हरभरा टाकलेला असतो. काय दिसतं म्हणून विचारून तो चंद्र मागतो, चंद्र नसतो, मग मृगातला तेजोमेघ बघून "धुकट आहे" म्हणतो. धुकट आहेच, पण तो तेजोमेघ की आपली काच, हे आपल्यालाही सांगता येत नाही. आपण दवाची तक्रार करतो. तो हात फिरवून सरीवरचा पाला बघतो आणि म्हणतो, "दव चांगलं हाय औंदा. हरभऱ्याला लई चांगलं." सोलापूरकडे शाळू दवावर पोसतो, अशी शेतकऱ्यांची पक्की समजूत आहे. हरभऱ्याच्या पानांवरची आंब तर दवाशिवाय मिळतच नाही: रात्री झाडांवर स्वच्छ धोतर किंवा पांढरं फडकं पसरायचं, पहाटे ते पिळायचं, जे आंबट पाणी निघेल ते बाटलीत भरून ठेवायचं. पोटदुखीवर देतात. ज्या पाण्याने आपली रात्र बुडाली ते दुसऱ्याच्या घरी औषध म्हणून जपून ठेवलंय, हे ऐकल्यावर तक्रारीचा सूर खाली येतो. आमची सोयरीक जुळते ती नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराशी. दवाने पानं रात्रभर ओली राहिली की डाउनी मिल्ड्यूची बुरशी धरते, म्हणून तोही कपाळाला हात लावून पहाटेच्या आकाशाकडे बघत असतो. त्याचा खर्च मात्र आमच्या हीटरपेक्षा फारच मोठा.

दवाच्या पुढची पायरी हिम. ते महाराष्ट्रात महाबळेश्वरला भेटतं. दर हिवाळ्यात एकदा तरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याची बातमी येते. गवतावर, गाड्यांच्या टपांवर, बोटींच्या धक्क्यावर पांढरा थर, आणि पर्यटक बोनेटवरून तो खरवडून एकमेकांना फेकतायत असा फोटो. त्याच बातमीत खाली गावातलं किमान तापमान दिलेलं असतं आणि ते शून्याच्या बऱ्यापैकी वर असतं. वाचक गोंधळतात. पण तापमापक पेटीत, सावलीत, जमिनीपासून वर टांगलेला असतो. गवत मात्र वेल्सच्या लोकरीसारखं आकाशाखाली उघडं पडलेलं असतं. थंड हवा उतरून तलावाच्या खोलगटात साचते ती वेगळीच. शेजारच्या मळ्यात स्ट्रॉबेरीवर आच्छादन टाकणाऱ्यांना हे सगळं पाठ आहे.

या विद्येचा आपल्या देशात फार पूर्वीपासून धंदाही होता. अलाहाबादला हवा गोठण्याइतकी थंड नसतानाही बर्फ कसा करतात, याचं वर्णन सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं. मोकळ्या मैदानात उथळ खड्डे खणायचे, त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटं फूटभर पसरायची, वर मातीच्या पातळ पसरट ताटल्या मांडून उकळून गार केलेलं पाणी ओतायचं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ताटल्यांतली उष्णता वर निघून जायची आणि खालून ताटं जमिनीची ऊब येऊ द्यायची नाहीत. सूर्योदयाआधी माणसं बर्फ गोळा करायची. वेल्सनेही आपल्या निबंधात या बर्फाचा विचार केला आहे. ज्या आकाशावर आमचं हेअर ड्रायरचं बिल चढतं, त्यावर साहेबाचं सरबत गार होत होतं.

मोठ्या दुर्बिणींचं निराळं असेल, असं वाटत असेल तर ते अर्धंच खरं. जुन्नरजवळ गिरवलीला आयुका या खगोल संशोधन संस्थेची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे. हवेत ओलावा फार झाला की तिथेही घुमटाची दारं लावून घ्यावी लागतात आणि शास्त्रज्ञ आत बसून आकडे खाली येण्याची वाट बघतात. लडाखात हानलेला साडेचार हजार मीटर उंचीवरची हवा कोरडी, म्हणून भारताची हिमालयन चंद्रा दुर्बीण तिकडे नेली. तिचा निरीक्षक तर बंगळुरूजवळ होसकोट्याला बसून उपग्रहामार्फत ती चालवतो. कानटोपीचा प्रश्नच मिटला.

विल्यम हर्शेलला ही सोय नव्हती. इंग्लंडमध्ये डॅचेटला टेम्सच्या काठावर त्याचं घर, नदीचं पाणी कधी कधी थेट बागेत. त्याचे आरसे काचेचे नव्हते, तांबं आणि कथिल यांच्या मिश्रधातूचे होते. दमट हवेत ते काळवंडायचे आणि पुन्हा घासावे लागायचे, म्हणून मोठ्या दुर्बिणीसाठी तो दोन आरसे आळीपाळीने वापरत असे. स्वतःच्या बचावासाठी मात्र त्याच्याकडे हुकमी उपाय होता: हिवतापाची बाधा होऊ नये म्हणून तो हातातोंडाला कच्चा कांदा चोळून निरीक्षणाला उभा राहायचा. एका समकालीनाने हे लिहून ठेवलंय, आणि तरी शेवटी त्याला हिवताप आलाच, हेही. युरेनस शोधून काढणारा माणूस जवळ येताना कांद्याचा वास येत असे, ही गोष्ट खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात असायला हवी होती.

या सगळ्यातून सुटायचं तर दुर्बीण अवकाशात न्यावी. तिथे हवा नाही, ओलावा नाही. युरोपीय अवकाश संस्थेची युक्लिड दुर्बीण जुलै २०२३ मध्ये गेली, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की ठरावीक ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू कमी येतोय. पातळ ढग म्हणायची सोय नव्हती. चष्म्याचा नंबरही नाही. दुर्बीण पृथ्वीवर बांधताना तिच्या आवरणांनी जी हवेतली वाफ शोषली होती, ती तिकडे गेल्यावर सुटत होती आणि थंडगार आरशांवर बर्फ होऊन बसत होती. थर केवढा, तर काही नॅनोमीटर ते त्याच्या दहापट. तेवढ्याने आकाश मंदावलं. सगळी दुर्बीण एकदम तापवली तर तिची जुळणी बिघडायची भीती, म्हणून शास्त्रज्ञांनी आधी कुठला आरसा तापवायचा याची महिनोन्महिने चर्चा केली. मार्च २०२४ मध्ये एका आरशाला उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांपर्यंत आणलं. तापमान चौतीस अंशांनी वाढलं, शंभर मिनिटांत बर्फ उडाला आणि १५ टक्के प्रकाश परत आला. भोरच्या खाचरात ही बातमी मोबाइलवर वाचताना आमच्यातल्या हीटरवाल्या काकांच्या चेहऱ्यावर जी तृप्ती होती, ती युरोपातल्या कुणाला कळणार नाही. "मी काय सांगत होतो? हळू तापवायचं. एकदम नाही."

खरं जोखमीचं काम सकाळी असतं. रात्रभर न झोपलेल्या माणसाला ओल्या दुर्बिणीला झाकण लावून पेटीत टाकायची घाई असते, आणि ती घाई महाग पडते. बंद पेटीतलं पाणी आतच राहतं, आणि पुढे जून उजाडतो. आपल्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरायला वेळ लागत नाही: कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा काचेवर पसरतात आणि लेप खातात. ती पुसली तरी खुणा उरतात. म्हणून पेटी बंद करून विसरू नये, आणि सकाळी थंड दुर्बीण उघडीच सरळ गरम खोलीतही नेऊ नये. घरी आणल्यावर पेटी तासभरच बंद ठेवावी, घराच्या तापमानाला येऊ द्यावी, आणि मग झाकणं काढून वाळेपर्यंत उघडी ठेवावी. दिवाणखान्याच्या मधोमध, तोंड थोडं खाली करून, पंख्यापासून दूर. रविवारी सकाळी घरी पाहुणे आलेच तर ते आधी तिच्याभोवती फिरतात, मग विचारतात, "काय दिसलं काल?" खरं उत्तर "दव" असतं, पण त्यावर पोहे मिळत नाहीत, म्हणून आपण शनी म्हणतो.

पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. आमच्या घरी नवे बूट येवोत, हेडफोन येवोत नाही तर जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली, वस्तू कशी आहे हे नंतर बघतात; आधी "खाऊ नये" असं लिहिलेली ती पांढरी पुडी काढून माझ्या हातात ठेवतात. जे जेल ओलं झालं की निळ्याचं गुलाबी होतं, ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळं करता येतं. त्यातला निळा रंग कोबाल्टचा, पोटात जाऊ नये असा, म्हणून त्यासाठी एक वेगळा जुना तवा ठेवलेला आहे. त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधलाय, आणि पाहुण्यांपैकी कुणी स्वयंपाकघरात मदतीला शिरलं तर पोळ्यांना हात लावायच्या आधी त्यांना तो दाखवला जातो.